छताला लावलेले काठ

मणीताई गुरुवारी गेली. बुधवारी मी तिच्याशी खोटं बोलले होते.

"अगं, लाइट्स बॅकऑर्डरवर आहेत, अजून आलेच नाहीत. पुढच्या आठवड्यात नक्की नेते तुला."

लाइट्स कधीच लागले होते.

जे तिला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी: मणीवान माझी पार्टनर. मार्कहॅममधला आमचा इंटिरियरचा छोटा स्टुडिओ आम्ही दोघींनी काढला. ती मूळची लाओसची, लहानपणीच आईवडिलांबरोबर इथे आलेली. मी नागपूरची. पहिल्याच आठवड्यात मी तिला ताई म्हणायला लागले. तिने अर्थ विचारला. मी म्हटलं, मोठी बहीण.

"गुड. मग कॉफी तू आणायची."

शांत ऑफिसं डिझाइन करणारी ही बाई स्वतः मात्र जराही शांत नव्हती. गाडी चालवताना हॉर्नवरचा हात काढायची नाही. प्लायवूड बोटभर तिरका लागला तरी काँट्रॅक्टरची खैर नसायची.

पण तिने केलेल्या खोलीत शिरलं की माणूस आपोआप हळू बोलायला लागायचा.

तिचं म्हणणं साधं होतं. लाओ घरात सगळं जमिनीलगत चालतं. चटईवर बसायचं, वेताच्या बुटक्या टेबलाभोवती जेवायचं.

"कीप इट लो," ती म्हणायची. "नजर खाली आली की डोकंही शांत होतं."

इथल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीने स्टाफसाठी 'क्वाएट रूम' मागितली, तेव्हा ती हरखून गेली. बूट बाहेर. विणलेल्या बांबूची भिंत. चटया. आणि भिंतीच्या तळाशी, जमिनीला लागून, तिच्या आईने जपून ठेवलेले हातमागाचे रेशमी काठ. सिनचे काठ. सिन म्हणजे त्यांच्या बायका नेसतात तो लांब स्कर्ट.

काम निम्म्यावर असताना तिला कॅन्सर निघाला.

मी म्हटलं, तू ट्रीटमेंट घे, साइट मी बघते.

मग क्लायंटची तक्रार आली, खोली घुमते. आवाज शोषणारी पॅनल्स छताला टांगावी लागणार होती. नुसती पांढरी पॅनल्स हॉस्पिटलसारखी दिसत होती. मी ते काठ पॅनल्सवर ताणून बसवले आणि छताला लावून टाकले.

आमच्या घरी गणपतीच्या मखराला आईची पैठणी छत म्हणून बांधतात. मला त्यात मानच दिसला. क्लायंट खूश. मी तर इतकी खूश, की मणीताईला सरप्राइज द्यायचं म्हणून काही बोललेच नाही.

पुढे एकदा केमोच्या खुर्चीत बसून ती मला डेव्हची फजिती सांगत होती. डेव्ह तिचा नवरा, इथलाच, सडबरीचा गोरा. लग्न नवं होतं तेव्हा बेसमेंटमध्ये दोरीवर सासूबाईंचं सिन वाळत होतं, आणि हा पठ्ठ्या त्याच्या खालून वाकून गेला. सासूबाई किंचाळल्याच.

"बाईचं कमरेखालचं वस्त्र कुणाच्या डोक्यावर? नो वे! आणि त्यात खालचा काठ म्हणजे तर सिनचा पाय. आई कित्येक दिवस त्याच्याशी बोलली नाही."

ती हसली. मीही हसले. मग वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

तेव्हाच सांगायला हवं होतं.

आधी वाटलं, गुपचूप काढून टाकू. पण क्लायंटला काय सांगणार? मग तिची तब्येत ढासळली, तेव्हा वाटलं, आता कशाला तिला त्रास. ही सगळी कारणं मला तेव्हा फार पटायची.

ती मात्र दर आठवड्याला फोनवर विचारायची, "खोली झाली का गं? मला तिथे एकदा बसायचंय."

मी कधी स्नो पुढे करायची, कधी क्लायंट, कधी लाइट्स.

रविवारी लाओ मंदिरात तिचे अंत्यविधी झाले. भिक्खूंचं पठण संपल्यावर डेव्ह माझ्याजवळ आला आणि त्याने माझे आभार मानले. माझे आभार!

"ती खोली तू पूर्ण केलीस. थँक यू. शी वॉज सो हॅपी टु सी इट."

"तिने कधी बघितली?"

"फेब्रुवारीत. तिचं अ‍ॅक्सेस कार्ड चालत होतं ना. तुला बोलली नाही?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मी मधल्या चटईवर बसलो. तिने वर बघितलं, माझा हात धरून मला उठवलं आणि दाराशी नेऊन बसवलं. तिथेच बसलो मग दोघं. आय गेस तिला मोकळी हवा हवी होती."

दाराशी छताला पॅनल नाही. खोलीत तेवढी एकच जागा तशी आहे.

म्हणजे फेब्रुवारीनंतरही ती मला विचारत होती. सगळं डोळ्यांनी बघून आल्यावर. दर आठवड्याला मला एक संधी देत होती, आणि मी तिला लाइट्सच्या थापा मारत होते. ते लाइट्सही तिने बघितलेच असणार.

आज सकाळी शिडी घेऊन गेले आणि सगळे काठ उतरवले. ऑफिस मॅनेजरने विचारलं, एनी प्रॉब्लेम? म्हटलं, हो, माझा आहे. खोली परत घुमायला लागलीय. त्याचं नंतर बघू.

काठ घड्या घालून तिच्या आईकडे नेले आणि झालं ते सगळं सांगितलं. डेव्हही तिथेच होता, त्याला पण तेव्हाच कळलं. आई बराच वेळ घडीवरून हात फिरवत राहिल्या.

मग त्यांनी एवढंच विचारलं, "शी येलिंग यू?"

म्हटलं, नाही. एकदाही ओरडली नाही.

"ओ," त्या म्हणाल्या. "देन शी व्हेरी टायर्ड."

ताई, मला तुझं ओरडणं हवं होतं गं. अपराधी मनाने, पण अगदी मनापासून, तुला श्रद्धांजली.