पूर्वेकडे पाय

मोजणी खात्यातल्या माणसानं जमीन कुणाची, एवढंच विचारावं. मीही त्यापलीकडे कधी गेलो नव्हतो. जुन्या जालन्याजवळच्या एका ख्रिस्ती दफनभूमीची हद्द मोजायला गेलो, तेव्हा भर दुपार होती. पूर्वेच्या भिंतीशी यंत्र लावलं, मान वर केली आणि अंगावर काटाच आला. झाडून सगळ्या कबरींचे क्रूस पलीकडच्या टोकाला, पाय माझ्याकडे होते.

"असं का हो?" मी तिथल्या म्हाताऱ्या राखणदाराला विचारलं.

"उठल्या उठल्या तोंड पूर्वेला पाह्यजे ना, साहेब," तो म्हणाला. आतली मंडळी जशी काही जेवून आडवी झाली होती!

मग निंबाखाली बसून त्यानं सगळं सांगितलं. येशू दूर देशातल्या एका सुताराच्या घरी वाढला. गोरगरिबांत, महारोग्यांत उठबस करायचा, पापांची क्षमा करायचा. ते मोठ्या लोकांना खपलं नाही. त्यांनी त्याला वधस्तंभावर खिळलं. तिसऱ्या दिवशी पहाटे बाया कबरीवर गेल्या, तर कबर रिकामी.

"तिथूनच आमचा धर्म सुरू झाला बघा. त्यो देवाचा लेक. आमच्या पापासाठी मेला आन् उठला. परत येनारे त्यो. मंग हे बी उठतील."

हसण्यावारी न्यायचं म्हटलं, पण जमेना. वारा साफ पडला होता आणि एवढी माणसं गप्प पडून आमचं ऐकताहेत असं वाटत होतं. त्यात माझं दुखणं वेगळंच. आमच्यात मोठ्यांना जाळतात, तान्ह्या लेकरांना पुरतात. माझी पहिली मुलगी टेंभुर्णीच्या शेतात बांधाकडेला पुरलेली आहे. तिला ठेवताना मी भ्याडासारखा तोंड फिरवून उभा होतो. डोकं कुणीकडे केलं, मला आजही माहीत नाही.

ते मी म्हाताऱ्याला सांगून टाकलं. "दिशा चुकली असली तर?"

"दिशेचं काय घेऊन बसलात? त्यो बराबर नावानं हाक मारतो."

पोरगी बारशाआधीच गेली होती.

घरी आल्यावर बायकोला पहिल्यांदाच विचारलं, "काय नाव ठेवणार होतीस गं तिचं?"

कुणाचं, हे तिनं विचारलं नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, "ठेवलंय की. रोज हाक मारते मी."

"ओ देते?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तुम्हीच मारून बघा," ती म्हणाली, आणि तिनं नाव सांगितलं.

ते नाव आता मला पाठ आहे. हाक मारायचा धीर मात्र अजून झालेला नाही.