समोरचे दोन दात

आमच्या घरात अर्जापलीकडे कोणी काही लिहिलेलं नाही. कॉलेजात जाणारा मी पहिला, तोही दापोलीला शेती शिकायला. तेव्हा ट्रम्पेट वाजवणाऱ्या माणसावर मी लिहावं हा जरा आगाऊपणाच आहे. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण आमच्या शेजारच्या काकांसारखा माणूस अख्ख्या रत्नागिरीत दुसरा नसेल, एवढं मात्र मी न घाबरता लिहितो.

तरुणपणी ते मुंबईच्या हॉटेलांत आणि नंतर प्रवासी जहाजांवर जॅझ वाजवायचे. जॅझ म्हणजे काय, हे मला अजून नीट सांगता येत नाही. मी विचारलं की काका म्हणत, "काल वाजवलं ते काल संपलं. आज नवीन." हा नियम ते सगळ्यालाच लावत. बाजारात रोज वेगळ्या वाटेने जात, आणि काकूंनी कालच्यासारखीच आमटी केली की "छान आहे, पण ऐकलेली आहे" म्हणत. एका शिमग्यात पालखी नाचत असताना त्यांनी ढोलांच्या आवाजावर ट्रम्पेट लावलं. सूर असे काही वळायला लागले की ढोलवाले काकांमागे, पालखी ढोलांमागे, आणि सगळे मिळून ज्या घरी नुकतीच ओटी भरून झाली होती त्याच अंगणात परत. त्या घरच्या वहिनींनी मुकाट्याने दुसरा नारळ आणला. लोक रागावले तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "घर तेच, पण वाट वेगळी होती की."

मला शिकवताना मात्र हाच माणूस अगदी उलटा. पहिले तीन महिने ट्रम्पेटला हात लावू देत नसत. तोंडाला नुसतं माउथपीस आणि रोज तोच एक सूर. माझा आवाज ऐकून शेजारची म्हैस दावं ताणायची. "तिला कळतं मेल्या," काका म्हणत, "तुला कधी कळणार?"

आणि ते दात. ट्रम्पेट ओठांवर टेकतं आणि ओठ समोरच्या दातांवर, म्हणून ते दोन दात काका दागिन्यासारखे जपत. रायवळ आंबा चोखायचं सोडून त्याच्या बारीक फोडी करून खाणारा कोकणी माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

गेल्या पावसाळ्यात विहिरीपाशी शेवाळावरून त्यांचा पाय घसरला आणि नेमके तेच दोन दात गेले. मी सुट्टीत घरी आलो तेव्हा नवे दात बसले होते, पण ट्रम्पेट पेटीत होतं आणि शिकवणी बंद.

"दात नवे मिळाले रे," ते म्हणाले. "ओठांना कोण समजावणार?"

मला काय सुचलं कोण जाणे. मी म्हणालो, "काका, तीन महिने नुसतं माउथपीस. एकच सूर."

"मला शिकवतोस?" ते एवढंच म्हणाले आणि आत गेले.

दापोलीच्या एसटीत मला वाटभर लाज वाटत होती. नंतर फोन करायचं धाडस झालं नाही. दिवाळीतही परीक्षेचं कारण सांगून मी हॉस्टेलवरच राहिलो.

परवा काकूंचा फोन आला. मी गेलो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी पडवीत नुसतं पूं-पूं चाललंय, म्हणाल्या. आता म्हैससुद्धा मान वर करत नाही. "आज पेटी उघडली त्यांनी. एक सूर लागला. म्हणाले, पोराला कळव."

"पहिल्यासारखा लागला?" मी विचारलं.

"मीपण तेच विचारलं रे," काकू म्हणाल्या. "तर म्हणतात, पहिल्यासारखा कशाला?"