लुंगीखालचा कोंबडा

शेजारच्या हाजराबी चाचीचा म्हातारा कोंबडा मेला, तशी अंड्यांतून पिल्लं निघायची थांबली. चाचीनं कळमनुरीच्या बाजारातून तरणा कोंबडा आणला. कोंबड्यांनी त्याला टोचून टोचून रक्तबंबाळ केलं.

"चाची, जावयाला सासुरवाडी मानवली न्हाई वाटते," मी भिंतीवरून म्हणालो.

"हसून घे रे पोरा. हा गेला तर पिल्लं कुठून आणू?"

मग नवा कोंबडा रुळवायच्या रीतीप्रमाणे तिनं त्याला अंगणात तुराट्यांच्या डालग्याखाली झाकलं. कोंबड्यांना तो दिसावा, पण टोचता येऊ नये. ऊन लागू नये म्हणून फक्त वरच्या बाजूला नवऱ्याची, चाँद चाचाची चौकड्याची लुंगी टाकली. चाचाला जाऊन वर्ष झालं. रोज संध्याकाळी हीच लुंगी नेसून तो याच जागी कोंबड्यांना ज्वारी टाकत बसायचा.

दिवस कलला. सगळ्या कोंबड्या आल्या आणि डालग्याभोवती गपचूप बसल्या, माना लुंगीकडे.

"चाचा आला वाटते," मी म्हणालो.

चाची हसली नाही. तिनं मूठभर ज्वारी आणून टाकली. लुंगी काढायला हात नेला आणि मागं घेतला. तेवढ्यात लुंगीखालून कोंबडा आरवला. एकही कोंबडी चवताळली नाही. चाचीनं मात्र घाईनं पदर डोक्यावर ओढला, चाचा अंगणात असला की ओढायची तसाच.