लिली बार्शीला गेली, भुईचाफा मागं राहिला

परवा धाराशिवला नातीच्या नव्या घरी गेले होते. गॅलरीत कुंड्या तयार, शेणखत तयार आणि बाईसाहेब मोबाईल घेऊन अडून बसलेल्या... चैत्रात फुलायला लिली लावू की भुईचाफा? ऑनलाइन सगळं वाचून डोकं पिकलं, तेव्हा कुठं आजीची आठवण झाली.

मी म्हटलं, लिली सोपी. कांद्यासारखा कांदा, मान मातीबाहेर ठेवायची, पानं जवळजवळ वर्षभर हिरवी. चैत्रात जाड दांडा वर येतो, त्यावर लालभडक फुलं, चांगली टिकतात. वास मात्र शून्य.

भुईचाफ्याचं तसं नाही. आल्यासारखे गड्डे, थंडीत पानं वाळून जातात आणि जागा अगदी रिकामी दिसते. मग चैत्रात पान नसताना थेट जमिनीतून पांढरं-जांभळं फूल... संध्याकाळपर्यंत मान टाकतं, पण वास असा की माणूस वाकून शोधतं.

"मग तो मेलाय की झोपलाय, कसं कळणार?" नातीनं विचारलं. आणि मला एकदम परंड्याचं आमचं अंगण आठवलं.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. मी शाळकरी पोर. अंगणात एका बाजूला आईची लिली आणि दुसऱ्या कोपऱ्यात गंगावहिनीचा भुईचाफा. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, माहेर अणदूरचं. सासरी पाठवताना तिच्या आईनं ओटीत नारळाबरोबर हे गड्डे घातले होते.

दोघींची त्यावरून रोज जुंपायची. आई म्हणायची, "तुजं फूल बगायला भुईवर लोळावं लागतंय." वहिनी म्हणायची, "तुमचं लांबूनच बगावं आत्याबाई. जवळ जाऊन काय फायदा?" मी ज्या बाजूनं खाऊ मिळेल त्या बाजूची.

संस्थानाच्या शेवटच्या दिवसांत हत्यारबंद टोळ्यांचा त्रास वाढला आणि वडिलांनी बार्शीला मावशीकडं जायचं ठरवलं. बार्शी निजामाच्या हद्दीबाहेर. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर बाजाराला चाललोय असं सांगायचं होतं, म्हणून गाठोडी-बोचकी नकोत. आईनं लिली उपटली, पानं कापली आणि तिचा कांदा खायच्या कांद्यांच्या टोपलीत मिसळून टाकला.

वहिनीलाही तिचे गड्डे न्यायचे होते. पण थंडीचे दिवस, वर पानाचा पत्ता नाही. खुणेचा दगड सणासाठी अंगण सारवताना आम्हीच उचलून टाकलेला... ती खुरपं घेऊन कोपरा उकरत राहिली. आई म्हणाली, "दिसतच न्हाय ते कुटं हुडकतीस? गाडी जुपलीया." वहिनीनं खुरपं ठेवलं आणि गाडीत बसली.

बार्शीत मावशीनं लिलीचा कांदा आमटीसाठी चिरायलाच घेतला होता, आईनं तो हातातून हिसकावला. मग तो रॉकेलच्या डब्यात लावला आणि चैत्रात झोकात फुलला. त्याच उन्हाळ्यात अणदूरहून निरोप आला, वहिनीची आई तापानं गेली. वाटा धड नव्हत्या, वहिनीला जाताही आलं नाही. आईनं त्यानंतर लिलीचं कौतुक एकदाही केलं नाही.

भाद्रपदात संस्थान भारतात आलं आणि आम्ही परतलो. अंगणात कुणीतरी घोडी बांधलेली, सगळीकडं लीद, कोपरा तुडवून दगडासारखा झालेला. एव्हाना तिथं हळदीसारखी रुंद पानं हवी होती. एकही नव्हतं. वहिनी तिथंच खाली बसली आणि हमसून हमसून रडली. स्वतःच्या आईसाठी रडायला तिला तोवर जागाच मिळाली नव्हती, असं मला आज वाटतं.

दुसऱ्या दिवशी तिला शेजारच्या बुटक्या भिंतीपलीकडं, मुमताजचाचीच्या न्हाणीपाशी, तीच पानं दिसली. चाचीचं दार मात्र बंद. आता भ्यायची पाळी त्यांच्या घराची होती, गावात नको नको ते ऐकू येत होतं. आई म्हणाली, "आत्ता तिकडं जाऊ नगं." वहिनी भर दिवसा, पुढच्या दारानं गेली. मी तिच्या मागं.

चाचीनं आमचा आवाज ओळखून दार किलकिलं केलं. म्हणाली, "चैतात कोरड्या मातीतनं फूल आलं बेटी. पान न्हाय, काय न्हाय. घोडी तुडवतील म्हनून उचलून आनलं. तुजंच हाय, घेऊन जा."

वहिनीनं गड्डे उकरले. चांगले वाढले होते. निम्मे तिनं पदरात घेतले आणि निम्मे पुन्हा तिथंच मातीत लावले.

चाची म्हणाली, "सगळं ने की."

"राहू द्या चाची. दोन्हीकडं असलं म्हंजी एकीकडचं तरी ऱ्हातंय," वहिनी म्हणाली. मग दोघी उंबऱ्याच्या अलीकडं-पलीकडं बराच वेळ बसून राहिल्या. दार उघडंच होतं.

पुढं खूप वर्षांनी आमच्या अंगणात बोअर घेतली, त्या मशिनीखाली वहिनीचा भुईचाफा गेला. ती तेव्हा हयात नव्हती. माझ्या दारात आज जो फुलतो तो चाचीच्या न्हाणीपासचा... तिच्या सुनेनं न मागता आणून दिलेला.

तर नातीला सांगितलं, दोन्ही लाव. थंडीत भुईचाफ्याची कुंडी कोरडी ठेव, आणि रिकामी दिसली म्हणून उपसू नकोस. गड्डे मी देते, पण निम्मे समोरच्या दारात लावायचे.

नात म्हणाली, "आजी, समोर कोण राहतं मला माहीतच नाही."

म्हटलं, मग आधी ते विचारून ये. माती कालवायचं नंतर बघू.