घरं विकून तारणहाराची वाट पाहणारे

दुबईच्या देरा भागातल्या माझ्या कापडाच्या दुकानात येणारा हा गृहस्थ अलिबागकडचा ज्यू. मराठी अस्सल, पण घासाघीस कधी करत नाही. मला त्याचाच राग येतो. बोलतो हळू, चष्मा पुसत.

परवा सांगत होता, "साडेतीनशे वर्षांपूर्वी तुर्कस्तानातला एक ज्यू म्हणाला, तारणहार मीच. तो आता पवित्र भूमीला नेणार म्हणून गावोगावच्या आमच्या लोकांनी घरं विकली, गाठोडी बांधली. सुलतानाने दरडावताच त्याने मुकाट धर्म बदलला."

"मग लोकांनी शिव्या घातल्या असतील!"

"काहींनी. काही म्हणाले, यातही त्याचा काही हेतू असेल."

माझं डोकंच फिरलं. "मूर्ख लेकाचे! आमच्या वडिलांनीही एका महाराजाच्या शब्दावर राहतं घर फुंकलं. महाराज पळाला, तरी बहीण सांगते, त्याच्या फोटोला अजून रोज हार घालतात. चार वर्षं मी त्यांच्याशी बोललो नाही, बोलणारही नाही!"

त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. "शेठ, मग आता ते राहतात कुठे?"

"खलास! विषय संपला," मी खेकसलो. मी बहिणीला हे कधी विचारलंच नव्हतं. आणि हा उपरा माणूस पहिल्यांदा तेच विचारतो!