काका अजून बसलेत!

मी संख्याशास्त्रात एमएस केलं आहे आणि सध्या ओहायोतल्या डब्लिनमध्ये दोन घरांचं बर्फ उपसतो.

त्या शनिवारी बाहेर गुडघाभर बर्फ साचलं होतं. शेजारचे वसंतकाका, रिटायर्ड डॉक्टर, आमच्याकडे पिठलं-भात खाऊन सोफ्यावर विसावले होते. माझी लेक रेवा म्हणाली, "बाबा व्हर्सेस काका! हरेल तो सकाळी दोन्ही ड्राइव्हवे साफ करणार!"

"मंजूर! कंबर शाबूत आहे माझी!" काका गरजले.

गेम फुकट पॉइंटांचा. दोघांच्या फोनवर एकच विमान उडतं आणि आकडा चढत जातो: दीडपट, दुप्पट, तिप्पट! विमान गायब व्हायच्या आत बटण दाबून बाहेर पडायचं. नाहीतर लावलेलं सगळं बुडालं!

"विमान कधी जाईल हे कुणालाच कळत नाही, काका. मागच्या फेरीवरून पुढची ओळखता येत नाही. म्हणून हाव नको! दीडपट झाली की बाहेर!" मी बराच वेळ समजावलं. (तालुक्याच्या शाळेत मला गणित शिकवणाऱ्या सरांचे माझ्यावर फार उपकार आहेत. त्यांनी हे वाचू नये.)

"यार, बटण दाबायला एवढं लेक्चर?" बायको मुग्धा म्हणाली.

पण युक्ती चालली! शेवटच्या फेरीला मी चक्क पुढे होतो. दोघांनी सगळे पॉइंट लावले. विमान सुटलं! दीडपट आली, मी अंगठा उचलला आणि सहज समोर पाहिलं. काका फोनकडे टक लावून, ढिम्म!

घात झाला. आमच्या गावी पंगतीत मोठ्यांच्या आधी कुणी उठत नाही. अंगठा हवेतच थिजला!

"बाबा, प्रेस इट!"

"थांब गं, काका अजून बसलेत!"

चौपट! सातपट!

"अरे, दाब की!" मुग्धा किंचाळली.

"अगं, वडीलधारे आहेत!"

बारापट! काकांच्या कपाळावर आठीसुद्धा नाही. काय ही छाती! माझा ऊर भरून आला आणि विमान गायब!

"बुडालो आपण दोघंही, काका!"

"दोघं? मी केव्हाच बाहेर पडलो! दीडपटीला आपोआप बाहेर पडायचं सेटिंग आहे ना त्यात? तूच म्हणालास, हाव नको. मी आपला बघत बसलो होतो, तू कधी उठतोस ते!"

"'काका आउट' वॉज ऑन द स्क्रीन, बाबा!" रेवानं कपाळाला हात लावला.

सकाळी फावडं घेऊन निघालो. काकांचा ड्राइव्हवे आधी साफ केला. मोठ्यांच्या आधी आपला कसा करायचा?