गजराबाई आणि करपलेला भात

शोभाच्या मोबाइलवर खुनाची गोष्ट लागली की गजराबाई पोळी लाटता लाटता मध्येच म्हणायच्या, "खोटं."

मान वर करायच्या नाहीत. लाटणं थांबायचं नाही. कर्वेनगरच्या आमच्या पोळी-भाजी केंद्रात आम्ही तिघी एका ओट्याला असायचो. शोभा तव्यावर, मी आणि गजराबाई लाटायला. शोभाला खऱ्या गुन्ह्यांच्या गोष्टी ऐकायचं वेड, आणि त्यातही बाईने केलेला गुन्हा असला की ती आवाज मोठा करायची. मागे भीतीचं संगीत, आणि एक माणूस खालच्या आवाजात सांगत असायचा, की नवऱ्याला मारल्यावर ती शांतपणे आरशासमोर उभी राहिली आणि तिने लिपस्टिक लावली.

"खोटं," गजराबाई म्हणाल्या.

"तुम्हाला काय ठाऊक हो? तुम्ही होतात का तिथे?"

"हात धुवायला पाणी पुरत नाही. लिपस्टिक कुठली."

शोभा खोखो हसली. मीही हसले. आम्हाला वाटलं, बाई गंमत करतेय.

गजराबाई पंचेचाळिशीच्या, अंगाने बारीक, पण दंड पैलवानासारखे. त्यांचं बोलणं ना गावाकडचं होतं, ना पुण्याचं. पहिल्या दिवशी केंद्राच्या मालकीण नेनेकाकूंनी त्यांना सांगितलं, "चाळीस पोळ्यांची कणीक भिजवा." थोड्या वेळाने काकू येऊन बघतात तर पिठाची अख्खी गोणी रिकामी. गजराबाई परातीपुढे गुडघे टेकून, दोन्ही मुठींनी कणीक मळत होत्या. काकू दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "बाई, हे कर्वेनगर आहे, कुंभमेळा नाही."

गजराबाईंचा चेहरा इतका पडला की मला पाहवेना. "थोडं करायची सवय गेली," एवढंच त्या म्हणाल्या. काकूंनी त्यांना पुढे काही विचारलं नाही. बाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलं, 'आज प्रत्येकाला दोन पोळ्या जास्त. उद्या मागू नयेत.'

मी कमी बोलते. अनोळखी माणूस समोर आलं की माझा आवाज घशातच राहतो. गजराबाईंना ते आवडलं असावं, कारण डबा खायला त्या माझ्याजवळ बसायच्या. अर्धा तास दोघी गप्प. मग त्या उठून म्हणायच्या, "बरं झालं बोललो."

दोन महिन्यांनी एक दिवस शोभाच्या मोबाइलवर सासूला मारणाऱ्या सुनेची गोष्ट लागली. सांगणारा म्हणाला, "तिच्या ओठांवर हसू होतं." गजराबाईंनी लाटणं खाली ठेवलं. त्यांना लाटणं खाली ठेवताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"हसू नसतं," त्या म्हणाल्या. "मी केलंय, म्हणून सांगते. बंद कर ते."

तव्यावरची पोळी काळी झाली तरी शोभाला कळलं नाही. मीच पुढे होऊन ती काढली.

दुसऱ्या दिवशी शोभा आली नाही. तिने काकूंना फोन केला, "ती तरी राहील, नाहीतर मी." नेनेकाकूंना सगळं आधीपासून माहीत होतं. तुरुंगातून सुटून आलेल्या बायकांना काम मिळवून देणाऱ्या एका ताईंनी गजराबाईंना त्यांच्याकडे पाठवलं होतं. काकू फोनवर म्हणाल्या, "शोभा, ती चौदा वर्षं शिक्षा भोगून आलीय. तू रोज चौदा मिनिटं उशिरा येतेस, तुला मी काय करते? उद्या वेळेवर ये."

शोभा तिसऱ्या दिवशी आली. पहिले काही दिवस ती गजराबाईंपासून हातभर लांब उभी राहायची, विळी स्वतःच्या बाजूला सरकवायची. मग तिची भीती कमी झाली आणि उत्सुकता वाढली. "सांगा ना, खरं काय झालं?"

"भाजी निवड. निवडून झाली की सांगते."

शोभाने दोन जुड्या मेथी निवडली आणि गजराबाईंनी सांगितलं. आवाज न बदलता, जसं त्या पिठाचं प्रमाण सांगायच्या तसं. भात करपला होता. सासू बोलली. ती रोजच बोलायची, त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त नव्हती बोलली. गजराबाई पाट्यावर चटणी वाटत होत्या. त्यांनी वरवंटा उचलला.

"दोनदा मारला," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा काय झालं ते मलाही कळलं नाही. दुसऱ्यांदा कळत होतं. वकील म्हणाला, दुसऱ्या घावाचं बोलू नको. मी बोलले."

"करपलेल्या भातावरून?" शोभाने विचारलं.

"तुझ्या मोबाइलवाल्याला एवढं लहान कारण चालणार नाही. तो दागिने आणेल, प्रेमप्रकरण आणेल. बाईने एवढं मोठं केलं तर कारणही मोठं लागतं लोकांना."

"मग सासू वाईट होती का?"

"तोंडाने होती. पण माझी पोर तिच्या कुशीत झोपायची. तेही होतं."

ही पोर म्हणजे अश्विनी. तेव्हा सात वर्षांची होती. गजराबाईंच्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं आणि अश्विनी आत्याकडे, म्हणजे मारल्या गेलेल्या बाईच्या मुलीकडे वाढली. गजराबाई आत असताना लिहायला शिकल्या ते तिला पत्रं लिहिण्यासाठी. दर महिन्याला एक. उत्तर एकाचंही आलं नाही. अश्विनीचं लग्न झालं, लोणी काळभोरला दिली, हे त्यांना बाहेर आल्यावर कुणाकडून तरी कळलं. तिथल्या पत्त्यावरही त्या लिहीत राहिल्या आणि शेवटच्या पत्रात त्यांनी केंद्राचा फोन नंबर लिहिला.

मी वहीत काहीबाही लिहिते हे त्यांना त्याच सुमाराला कळलं. मला लपवायचं होतं, पण पिशवीतून वही पडली. त्या म्हणाल्या, "चौथीपर्यंत गेलीस ना, मग लिही की. मी आत जाऊन शिकले. तुला त्यासाठी एवढं लांब जायची गरज नाही."

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी केंद्राचा फोन वाजला. नेनेकाकूंनी ऐकलं आणि फोन पुढे केला. "गजराबाई, तुमच्या विहीणबाई आहेत. आटपा लवकर, दुपारच्या ऑर्डरी घ्यायच्यात." असं म्हणाल्या आणि स्वतःच बाहेर जाऊन गिऱ्हाइकांना थांबवून ठेवलं.

अश्विनीच्या सासूबाई, हौसाबाई. पत्रं त्यांना अश्विनीच्या पेटीत सापडली होती, एकही उघडलेलं नव्हतं. त्यांना वाचता येत नव्हतं, मुलाकडून वाचून घेतली. अश्विनीला आता सहा महिन्यांचं बाळ होतं, आणि हौसाबाईंनी ठरवलं होतं की लेकराला दुसरी आजी असताना ती दाखवायची नाही हे बरं नव्हे. रविवारी जेवायला येतो, म्हणाल्या. अश्विनी येते म्हणाली नव्हती, पण नाही असंही म्हणाली नव्हती.

गजराबाई फोन ठेवून माझ्याकडे आल्या. "तीन माणसांचं जेवण," त्या म्हणाल्या. "मला येत नाही."

मला वाटलं, मनाची तयारी नाही असं म्हणतायत. पण त्या अगदी खरं सांगत होत्या. आत त्यांनी दोनशे बायकांचा स्वयंपाक केला होता, इथे केंद्रात सव्वाशे डब्यांचा. खोलीवर एकटीसाठी त्या कधी शिजवतच नसत, उरलेली पोळी आणि चटणी खाऊन झोपत. त्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी त्यांच्या पत्र्याच्या खोलीवर गेले. सोमवारी त्यांनी आमटी केली ती बादलीभर झाली. शेजारच्या सहा घरांत वाटली. मंगळवारी मीठ इतकं पडलं की वाटताही आली नाही. बुधवारी त्या जमिनीवर बसून राहिल्या.

"अश्विनीला सातव्या वर्षी काय आवडायचं ते मला माहीत आहे. तेवीस वर्षांच्या बाईला काय आवडतं? मी कुणासाठी शिजवतेय तेच मला माहीत नाही."

मी म्हणाले, "मूठ घ्या. माणशी एक मूठ तांदूळ. वर भांड्याला एक." माझ्या आयुष्यात मी कुणाला शिकवलेली ही पहिली गोष्ट असावी. त्यांनी माझी मूठ धरून बघितली, मग स्वतःची. "माझी मोठी आहे," म्हणाल्या. "तूच मोज." गुरुवारी भात बरोबर झाला. आम्ही दोघींनी तो नुसता, तुपाशिवाय, संपवला.

रविवारी मला कोपऱ्यात बसायला सांगितलं. "बोलू नकोस. ते तुला जमतं."

हौसाबाई आधी आत आल्या, बाळाला काखेत घेऊन. धिप्पाड बाई, कपाळावर मोठं कुंकू. खोलीभर नजर फिरवली, गजराबाईंना खालून वर पाहिलं आणि म्हणाल्या, "ईनबाई, म्या आले हाय बरं का. शेजारनी म्हनत्यात, हौसे, सुनंला उलटं बोलू नगं, तिची आई कोन हाय ठावं हाय ना. तवापासनं लई नीट वागते म्या."

एवढ्या उघडपणे त्या गोष्टीवर कुणी थट्टा केलेली मी ऐकली नव्हती. गजराबाईंना काय करावं कळेना. त्यांनी हात जोडले. हौसाबाईंनी त्यांच्या जोडलेल्या हातांतच बाळ ठेवलं. "धरा की. नमस्कार काय करताय, हात दुखून आलं माझं."

अश्विनी दारापाशी बसली, पर्स मांडीवर तशीच धरून. गजराबाईंसारखाच बारीक चेहरा. ती बाळाकडे बघत होती, आईकडे नाही. ताटं वाढली. भरीत, भाकरी, आमटी, भात. सगळं बेताचं झालं होतं. अश्विनीने ताटाला हात लावला नाही.

"मला एकच विचारायचंय," ती म्हणाली. "खरं सांगणार असशील तर."

"विचार."

"त्या दिवशी आजी म्हणाली, तुझ्या आईला साधा भात येत नाही. आणि मी हसले. मी हसले म्हणून तू मारलंस ना?"

गजराबाईंच्या मांडीवर बाळ होतं. त्यांनी ते हलकेच हौसाबाईंकडे दिलं. हे हसणं त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं. कोर्टातही सांगितलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की ही मुलगी सोळा वर्षं रागावून लांब राहिली नव्हती. आजी आपल्यामुळे गेली आणि आई आपल्यामुळे आत गेली असं मनात धरून राहिली होती, आणि पत्रात तेच लिहिलेलं असेल या भीतीने तिने एकही पत्र उघडलं नव्हतं.

"हसलीस," गजराबाई म्हणाल्या. "मी ऐकलं. नाही ऐकलं असं म्हणणार नाही."

अश्विनीने डोळे मिटले.

"माझ्याकडे बघ. सात वर्षांचं पोर आजीच्या बोलण्याला हसतं. रोज हसतं. घराघरांत हसतं. त्या घरांतल्या आया काय करतात? रागावतात, रडतात, एखादी स्वतःही हसते. मी वरवंटा उचलला. तू पाट्याजवळही नव्हतीस. तुझं हसणं मी कुणाला सांगितलं नाही, कारण त्याचा माझ्या मारण्याशी संबंध नव्हता. पोलिसांनी विचारलं, मुलगी कुठे होती? मी सांगितलं, खेळत होती."

मग अश्विनी रडायला लागली, मोठ्याने, नाक पुसत, लहान मुलासारखी. गजराबाई जागच्या हलल्या नाहीत. जवळ घ्यायला त्यांचा हात अर्धा उठला आणि थांबला. अश्विनीनेच सरकून त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं.

थोड्या वेळाने हौसाबाई म्हणाल्या, "भरीत निवालं की गं."

जेवताना अश्विनी म्हणाली, "घरी आजीचा फोटो लावलाय मी. तू आलीस तरी काढणार नाही."

"काढू नकोस."

"आन् म्या बी हाय घरात," हौसाबाई म्हणाल्या. "मला बी काढायची न्हाय."

गजराबाई आता केंद्रात नाहीत. लोणी काळभोरच्या एका कॉलेजच्या मेसमध्ये त्यांना काम मिळालं, मुलीच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. नेनेकाकूंनी निरोप देताना नवं लाटणं दिलं आणि म्हणाल्या, "परत आलात तर हेच घेऊन या, दुसरं देणार नाही." शोभा रडली. ती अजून गोष्टी ऐकते, पण आवाज बारीक ठेवून, आणि मधूनच स्वतःशी म्हणते, "हे काही खरं वाटत नाही." स्वारगेटपर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले. बस लागल्यावर त्या म्हणाल्या, "वहीत माझं लिहिशील तर दोन्ही घाव लिही. एक लिहिलास तर मी ओळखू येणार नाही."

परवा त्यांचा फोन आला. रविवारी त्या पहिल्यांदा अश्विनीकडे जेवायला गेल्या होत्या. फोटो समोरच्या भिंतीला. त्यांना वाटलं होतं, फोटोकडे पाठ करून बसावं. पण अश्विनीने ताट फोटोच्या समोरच मांडलं.

"घास उतरला का?" मी विचारलं.

"उतरला, हळूहळू. मग अश्विनी म्हणाली, आई, आजी कशी होती ते सांग. मला आठवतं ते कमी होत चाललंय. आत्या गेली, बाबा गेले. आता सांगणारं तुझ्याशिवाय कुणी नाही."

"मग?"

"मग सांगितलं. ती वासरांना नावं द्यायची. अश्विनीला ताप आला की रात्रभर मांडीवर घेऊन बसायची, मला जवळ येऊ द्यायची नाही. मी बाळंत झाले तेव्हा तिने माझ्या पायांना तेल लावलं होतं, ते मी स्वतःच विसरले होते. बोलता बोलता संध्याकाळ झाली गं. बाळ झोपून उठलं. पुढच्या रविवारी उरलेलं सांगायचंय. तू पण ये. तुला ऐकता येतं."